आखाजीची गाणी आणि मधेच विझणारा कॉम्प्युटर

आमच्या छापखान्यातला कॉम्प्युटर पहिल्यांदा विझला तेव्हा अक्का गात होत्या आणि मी टाइप करत होते. गाण्यातली सासुरवाशीण उंबऱ्यावर उभी राहून माहेरच्या वाटेकडे बघत होती, लांबून भावाचा छकडा दिसायला लागला होता, आणि तेवढ्यात पडदा काळा झाला. डोक्यावर पंखा फिरत होता, ट्यूबलाइट जळत होती, शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टाही चालू होता. फक्त कॉम्प्युटर गप्प.

"काय व्हयनं माय?" अक्कांनी विचारलं.

"गेला," मी म्हणाले.

"कोण, भाऊ?"

मला हसू आवरत नाही हा माझा जुना दोष. शाळेत दोन मिनिटं मौन पाळायचं असलं की बाई मला आधीच वर्गाबाहेर काढत. त्या दिवशी मी टेबलावर डोकं टेकून हसले, मग अक्का हसल्या, आणि पाऊण तासाचं काम पाण्यात गेलं आहे हे आम्हाला हसून दमल्यावर कळलं.

ही नव्वदीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. मी एकवीस वर्षांची होते. जळगावला मावशीकडे राहून सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि धुळ्याला परत येऊन एका छापखान्यात नोकरीला लागले होते. छापखान्याचे मालक साठीचे होते, साऱ्या गल्लीचे नाना. चाळीस वर्षं त्यांनी शिशाचे खिळे एकेक उचलून जुळवले होते. लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळांच्या गुणपत्रिका. पण दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या छापखान्यात कॉम्प्युटर आला, गिऱ्हाइकं तिकडे वळायला लागली, तेव्हा नानांनीही जळगावहून एक आणला आणि तो चालवायला मला ठेवलं. स्वतः मात्र ते त्याच्यापासून हातभर लांब बसत. पाव्हण्यांच्या नव्या जावयाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघत.

अक्का म्हणजे नानांच्या पत्नी. घर छापखान्याच्या मागेच, मधे एक दार. अक्का चौथी शिकलेल्या, पण आखाजीची शंभरावर गाणी त्यांना तोंडपाठ होती. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आमच्या खानदेशात ती लेकीबाळींची दिवाळीच. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात आणि दिवसभर गाणी म्हणतात. अक्कांची गाणी ऐकायला शेजारच्या गल्लीतल्या बायका येत. त्या बायकांसमोर नाना एकदा बोलून गेले, "यंदाच्या आखाजीला हिच्या गाण्यांचं पुस्तक छापतो. तीनशे प्रती." बोलले आणि अडकले. आखाजीला तीन आठवडे राहिले होते.

मी अक्कांना म्हटलं, तुम्ही सांगा, मी आधी वहीत लिहून घेते आणि मग टाइप करते. त्या म्हणाल्या, "मंग ते मशीन कसाले आणं?" त्यामुळे रोज दुपारी, स्वयंपाक आवरून, त्या माझ्या शेजारी स्टुलावर येऊन बसत आणि थेट कॉम्प्युटरला गाणं सांगत. सांगत म्हणजे गातच. साध्या बोलण्यात त्यांना ओळी आठवत नसत.

पहिल्यांदा गेलेलं गाणं त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं. मी बोटं सरसावून बसले होते, कालच्या ओळी माझ्याही डोक्यात होत्या. पण भाऊ आज छकड्यात नव्हता, घोड्यावर होता.

"अक्का, काल छकडा होता ना?"

"काल व्हता," त्या म्हणाल्या, जणू भावानं रातोरात विकला असावा.

मी घोडा टाइप केला. भाऊ वेशीपर्यंत आला आणि कॉम्प्युटर पुन्हा विझला. तिसऱ्या दिवशी भाऊ फटफटीवर बसून आला. खिळ्यांच्या पेटीमागून नाना शांतपणे म्हणाले, "अजून एकदा बंद पडला तर विमानानं येईल." अक्का पदर तोंडाला लावून हसत राहिल्या, मी स्टुलावरून घसरले, आणि पत्रिकेचा नमुना बघायला आलेलं वधूपक्षाचं मंडळ दारातच थबकलं.

दर पाच मिनिटांनी काम साठवून ठेवायचं, हे मला क्लासमध्ये शिकवलं होतं. पण अक्का गायला लागल्या की थांबत नसत, आणि मीही त्यांच्या मागे धावताना विसरून जायची. मग मी शिस्त लावून घेतली. दोन कडवी झाली की हात वर करायचा, अक्कांनी श्वास घ्यायचा, मी साठवायचं. तर एकदा नेमका साठवतानाच विझला आणि अख्खी फाइलच वाचता येईना. त्या दिवशी मात्र आम्हाला हसू आलं नाही. अक्का म्हणाल्या, "गयं ते गयं. परत सांगस." आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा टाकला.

आता शोध सुरू झाला. नानांना पहिला संशय विजेचा. त्यांनी एक जुना, मणभर वजनाचा स्टॅबिलायझर मागून आणला. तो सारखा कट्‌कट् आवाज करी, पण कॉम्प्युटर विझायचा तो विझायचाच. मग प्लग सैल आहे असं ठरलं. पोस्टकार्डाचे तुकडे दुमडून ते सॉकेटच्या भोवती ठोकले. मग वाटलं, आपलं छपाईचं यंत्र सुरू झालं की धक्का बसत असेल. म्हणून एक दिवस यंत्र बंद ठेवलं. नाना हात मांडीवर ठेवून बसून राहिले, चाळीस वर्षांत असं बसायची पहिलीच वेळ असावी. कॉम्प्युटर त्या दिवशीही विझला.

मी भिंतीवर पेन्सिलनं वेळा लिहायला लागले. सुरू केल्यावर साधारण चाळीस मिनिटांनी जायचा. लगेच बटण दाबलं तर दाद देत नसे. दहा-पंधरा मिनिटांनी मात्र काही झालंच नाही अशा थाटात उठायचा. सकाळी जरा जास्त टिकायचा, दुपारी कमी. हे सगळं माझ्या हस्ताक्षरात माझ्यासमोर भिंतीवर होतं. आज ते आठवलं की माझ्या डिप्लोमाची मला कीव येते. पण तेव्हा मी ते वाचत होते आणि नाना तिसऱ्याच कोणाकडे बघत होते.

तो तिसरा म्हणजे जवळच्या शाळेतले एक मास्तर. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या अंकाची प्रुफं बघायला यायचे. योगायोगानं तीनदा ते उंबऱ्यात पाय ठेवायला आणि कॉम्प्युटर विझायला एकच गाठ पडली. चौथ्यांदा मास्तर आले तेव्हा नानांनी कॉम्प्युटरकडे बघितलं, मग मास्तरांकडे, मग पुन्हा कॉम्प्युटरकडे. मास्तर हुशार होते. पुढच्या वेळी ते रस्त्यावरूनच म्हणाले, "चालू आहे का? मग मी नंतर येतो." त्यांची प्रुफं मी चपला घालून बाहेर नेऊन द्यायची आणि ते पिठाच्या गिरणीच्या पायरीवर बसून तपासायचे. मला त्यांची दया यायची आणि हसूही यायचं. दोन्ही बरोबर आलं की हसूच जिंकायचं.

शेवटी नानांनी जळगावला फोन लावला. ज्या दुकानातून कॉम्प्युटर आणला होता तिथला इंजिनियर एसटीनं आला. पंचविशीचा, सडपातळ, खिशाला तीन स्क्रू-ड्रायव्हर. पाव्हणा येणार म्हणून अक्कांनी सकाळीच सगळं आवरलं, फरशी पुसली, कॉम्प्युटरचं कव्हर धुवायला काढलं. इंजिनियरनं डबा उघडला, आत फुंकर मारली, ब्रशनं धूळ झाडली, सगळ्या तारा दाबून बघितल्या आणि डबा उघडाच ठेवून कॉम्प्युटर सुरू केला. एक तास झाला. दोन झाले. त्यानं शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाल्ली, अक्कांनी आग्रह करून तिसरी भाकरी वाढली, ती खाल्ली. साडेतीन तास कॉम्प्युटर देवघरातल्या समईसारखा तेवत होता.

"काहीच नाही हो यात," तो म्हणाला. "थोडी धूळ होती. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, धुळीपासून जपा."

तो गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का स्टुलावर बसल्या, गाण्यातल्या नणंदेनं नाक मुरडलं आणि कॉम्प्युटर विझला.

आखाजीला दहा दिवस उरले होते. नाना म्हणाले, "चल, घेऊन जाऊ जळगावला. दवाखान्यातच दाखल करू." आम्ही तो उभा डबा जुन्या चादरीत गुंडाळला, वर गाठ मारली आणि सकाळच्या एसटीत बसलो. डबा माझ्या मांडीवर, एक हात नानांचा. कंडक्टरनं गाठोड्याकडे बघून विचारलं, "काय आहे?"

"कॉम्प्युटर," नाना म्हणाले.

कंडक्टरनं जरा विचार केला. "बारा वर्षांच्या आतला आहे ना?" आणि पुढे गेला. पारोळ्यापर्यंत मी खिडकीकडे तोंड करून हसत होते. नाना गंभीर चेहऱ्यानं बसले होते, पण त्यांचं पोट हलत होतं ते मला डब्यातून कळत होतं.

एरंडोलला एक म्हातारी चढली. शेजारच्या सीटवर बसली, चादरीतल्या चौकोनी आकाराकडे बराच वेळ बघत राहिली, नानांच्या कपाळावरच्या गंधाकडे बघितलं, माझ्या दोन्ही हातांनी धरलेल्या गाठोड्याकडे बघितलं, आणि पदर सावरून तिनं चादरीला हात लावून नमस्कार केला. "पद्मालयाकडून आणला का गणपती?" तिनं विचारलं.

मी ओठ दातांत धरला. नाना म्हणाले, "नाही माय, हा जळगावचा." म्हातारीनं मान हलवली आणि कनवटीचं नाणं काढून चादरीच्या गाठीत खोचलं. परत द्यायला गेलो तर ऐकेना. नाना मला हळूच म्हणाले, "हसू नकोस. तिनं मनापासून दिलंय." आणि एवढं बोलून ते स्वतःच रुमालात तोंड घालून खोकल्यासारखं काहीतरी करायला लागले.

जळगावच्या दुकानात इंजिनियरनं कॉम्प्युटर चार तास चालवला. मी समोर बसून त्यावर नुसती बाराखडी टाइप करत होते. विझला नाही. तो डोकं खाजवत म्हणाला, "तुमच्या धुळ्यातच काहीतरी आहे." नाना म्हणाले, "काही नसतं तर आम्ही चाळीस वर्षं राहिलो असतो का?" आम्ही तसाच डबा घेऊन परतलो. अक्का दारात वाट बघत होत्या. त्यांनी त्याच्यावरून हात फिरवला, टेबलावर ठेवायला लावला आणि धुऊन वाळवलेलं कव्हर त्याला घातलं.

त्या कव्हराबद्दल मी अजून नीट सांगितलंच नाही, कारण तेव्हा आमच्यापैकी कोणाला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. "धुळीपासून जपा," हे पहिल्या दिवशीचं वाक्य अक्कांनी मनावर घेतलं होतं. धुळ्यात राहून धुळीपासून जपायचं म्हणजे थट्टा नव्हे. त्यांनी जुन्या लुगड्यांचे चार पदर एकावर एक घेऊन, दाट टाके घालून, गोधडीसारखी एक कुंची शिवली होती. तान्ह्या बाळाला घालतात तशी. पुढून बटणांना आणि फ्लॉपीला जागा, कडेला लाल गोट, मागे तारांसाठी एक चीर. ती दिवसरात्र अंगावर असे. मीही तिचं कौतुक केलं होतं. माझ्या आईसाठी शिलाई मशीनला तशीच एक शिवून मागितली होती.

जळगावहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता कॉम्प्युटर विझला. अक्का शेजारच्या गल्लीतल्या बायकांकडे गेल्या होत्या. एखादी तार सैल असेल म्हणून मी मागे वाकून कुंचीच्या चिरेतून हात घातला आणि चटकन काढला. टोपलीत फडक्याखाली भाकरी ठेवावी तसं आत गरम होतं. मी कुंची जरा सरकवली. मागे पंख्याची जाळी होती, आणि त्या जाळीवर लुगड्याचे चारही पदर चपखल बसले होते. कॉम्प्युटरला श्वासच घेता येत नव्हता. आत उष्णता कोंडली की वीज देणारा डबा स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडत होता, आणि थंड झाला की उठत होता.

मी नानांना हाक मारली. आम्ही कुंची काढली, कॉम्प्युटर सुरू केला आणि घड्याळ बघत बसलो. दोन तास चालला. मग कुंची घातली. अडतिसाव्या मिनिटाला विझला. नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"इंजिनियर आला त्या दिवशी ती धुवायला टाकली होती," ते म्हणाले.

"जळगावला आपण चादर नेली होती," मी म्हणाले.

मग आम्ही एकमेकांकडे बघितलं, आणि साठ वर्षांचे नाना खिळ्यांच्या पेटीला धरून खाली बसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मी आधीच फरशीवर होते. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "तिला कोण सांगणार?"

हसू तिथंच थांबलं. अक्कांनी आठ दिवस दुपारी डोळ्याला चष्मा लावून ती शिवली होती.

"तुम्ही सांगा, नाना."

"मी चाळीस वर्षं तिच्या हाताचं खातोय. तू सांग."

"मी सकाळीच चहा प्यायलेय त्यांच्या हातचा."

शेवटी ठरलं, इंजिनियरनं सांगायचं. तो तज्ज्ञ, परका, आणि लांब. नानांनी फोन करून त्याला सगळं समजावलं. तो आधी खूप हसला, मग म्हणाला, द्या अक्कांना. तोवर अक्का आल्या होत्या. त्यांनी रिसीव्हर कानाला लावला. पलीकडून काय येतंय ते मला थोडं ऐकू येत होतं. त्यानं आधी शेवभाजीची आठवण काढली. मग म्हणाला, कव्हर फार सुंदर आहे. असं काम शहरात मिळत नाही. आणि मग, एकदम घाईनं, की ते आपण फक्त कॉम्प्युटर बंद असताना घालू या का, कारण एवढ्या चांगल्या कपड्याला रंग उतरायची भीती असते.

अक्कांनी फोन ठेवला. आमच्याकडे बघितलं. मी पेन्सिलच्या टोकाकडे बघत होते, नाना छताकडे. त्या उठल्या, कॉम्प्युटरपाशी गेल्या, कुंचीवर तळहात ठेवला, लेकराचं कपाळ बघतात तसा.

"त्याले ताप शे," त्या म्हणाल्या. मग कुंची अलगद काढली, मागची जाळी बघितली, बोट लावून वारा बघितला. "चैत-वैशाखमा गोधडी पांघराले दिधी मी त्याले."

नानांनी पुन्हा चष्मा पुसायला काढला.

"तुम्ही तिन्ही जण मले इतलं घाबरतस?" त्यांनी विचारलं, आणि मग त्यांनाच हसू फुटलं. तसं हसणं मी त्यांचं कधी ऐकलं नव्हतं. हसता हसता मधेच थांबायच्या, म्हणायच्या "भाऊ फटफटीवर उना," आणि पुन्हा सुरू व्हायच्या. नाना म्हणाले, "त्या मास्तरांना कोणीतरी आत बोलवा." मी रस्त्यावर धावले. मास्तर गिरणीच्या पायरीवरच होते, केसांवर पीठ. मी त्यांना सांगितलं, आता या, दोष तुमचा नव्हता. ते म्हणाले, "मला घरी पण तसंच वाटायला लागलं होतं."

पुढचे सहा दिवस आम्ही वेड्यासारखं काम केलं. अक्का सकाळपासून गात, मी टाइप करी, नाना प्रुफं बघत आणि मधेच यंत्राच्या तालावर मान डोलवत. एकदाही कॉम्प्युटर विझला नाही. भावाला शेवटी छकड्यातच बसवलं. अक्कांचं म्हणणं, पुस्तकात जायचं तर नीट जावं. पानं बाहेरून ऑफसेटवर छापून आली, नानांनी स्वतः पिना मारल्या, आणि आखाजीच्या आदल्या दुपारी तीनशे प्रती गठ्ठ्यांनी रचून ठेवल्या.

पहिली प्रत अक्कांना दिली. त्या उंबऱ्यावर बसल्या आणि बोट ठेवून, अक्षर लावत वाचायला लागल्या. स्वतःचंच गाणं, पण गात नव्हत्या. कोणाचं तरी पत्र वाचावं तसं हळूहळू वाचत होत्या. नानांनी यंत्र थांबवलं. बाराव्या पानावर त्यांचं बोट अडलं.

"माय, हाई काय लिखेल शे?"

मी जवळ जाऊन बघितलं. माहेरी आलेल्या लेकीला आई ताटात वाढते, ते कडवं होतं. आंब्यावरचं टिंब माझ्याकडून राहिलं होतं. 'आंबाना रस' असायला हवं होतं. छापलं होतं, 'आबाना रस', म्हणजे आबांचा रस.

नानांच्या थोरल्या भावाला सगळी भावकी आबा म्हणत असे, आणि ते दुसऱ्या दिवशी सणाला जेवायला येणार होते.

कोणी काही बोलायच्या आत आम्ही तिघंही फरशीवर बसलो होतो. नानांनी हसतच टेबलाच्या खणातून तीन पेनं काढली. प्रत्येकी शंभर प्रती वाटून घेतल्या. बारावं पान उघडायचं, एक टिंब द्यायचं, फुंकर मारायची, मिटायचं. अक्कांनी पहिली काही टिंबं एवढी जोरात दिली की कागदाला भोकं पडली. पन्नासाव्या प्रतीपर्यंत आम्ही हसत होतो, नंतर दमून नुसती टिंबं देत होतो, आणि मधेच कोणीतरी "आबा" एवढंच म्हणायचं.

साडेचार वाजता बायका पुस्तकं न्यायला आल्या तेव्हा अजून चाळीसेक प्रती राहिल्या होत्या. अक्कांनी त्यांच्याकडे वर बघितलं, शेजारची जागा हातानं झटकली आणि एकीच्या हातात पेन दिलं.